‘मायकोसिस फंगॉइडिस’ : एका रोगनामाचा इतिहास

रक्तपेशींच्या कर्करोगांत रुग्णाच्या त्वचेवर जे चट्टे, पुरळ वा गाठी उठतात, त्यांची कारणे एकसारखी नसतात. कधी विकृत पेशी स्वतःच त्वचेत शिरून ठाण मांडतात. कधी त्वचा केवळ आतल्या रोगाला प्रतिसाद देते. १९६४ मध्ये प्लिमथ येथील डॉ. रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी आठ स्त्रियांच्या ठायी वर्णिलेला सज्वर त्वचाविकार ह्या जातीचा असून, त्याचा काही रुग्णांत ल्युकेमियाशी संबंध असतो हे पुढे निश्चित झाले. कधी शरीराची प्रतिकारशक्ती खचल्यामुळे नागिणीसारखा सुप्त संसर्ग उफाळून येतो. डोळ्यांना मात्र ह्यांतील भेद पुष्कळदा दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रूढ होण्यापूर्वी वैद्यांपाशी डोळ्यांवाचून दुसरे साधन नव्हते, आणि म्हणून ह्या विकारांची जुनी नावे बहुतेक रूपावरून पडलेली आहेत. त्यांपैकी एका नावाची कथा येथे सांगावयाची आहे. ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे ते नाव होय.

हे नाव ज्या विकाराचे आहे, तो लसीका-पेशींचा, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींच्या एका कुळाचा, कर्करोग आहे. ह्या पेशी रोगाच्या आरंभी त्वचेतच वाढतात, म्हणून वर्षानुवर्षे हा केवळ त्वचेचा विकार भासतो. परंतु वैद्यकाशी अपरिचित अशा सुशिक्षित मनुष्याने हे नाव वाचले, तर त्याला काय बोध होईल? ‘मायकोसिस’ म्हणजे बुरशीचा संसर्ग असे तो शाळेत शिकलेला असतो. ‘फंगॉइडिस’ ह्या शब्दात ‘फंगस’ स्पष्टच दिसतो. हा बुरशीचा रोग आहे, आणि तोही दोनदा सांगितलेला, अशीच त्याची समजूत होणार. वस्तुतः बुरशीचा ह्या रोगाशी काडीचाही संबंध नाही. वैद्यकाची पाठ्यपुस्तके ह्या नावाला ‘चुकीचे नाव’ म्हणून पुढे जातात. हा निर्णय जितका सरळ दिसतो तितका तो नाही. नाव ठेवणाऱ्याने चूक केली नव्हती. नाव जेथे उभे होते तेथेच राहिले, आणि त्यातील शब्दांचा अर्थ मात्र त्याच्या पायाखालून सरकला.

नाव ठेवणारे गृहस्थ म्हणजे पॅरिस येथील सें-लुई रुग्णालयाचे वैद्य ज्याँ-लुई आलिबेर (१७६८–१८३७). हे रुग्णालय चौथ्या हेन्री राजाच्या १६०७ च्या आज्ञेने प्लेगच्या रुग्णांसाठी, शहराच्या तटाबाहेर बांधण्यात आले. १८०१ मध्ये ते जुनाट व त्वचेच्या विकारांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि त्याच वर्षी आलिबेर तेथे रुजू झाले. एका शहरातील सारे त्वचारोगी एका आवारात एकत्र येण्याची ही घटना त्वचाशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. शेकडो रुग्ण शेजारी शेजारी असल्याखेरीज दोन चट्ट्यांतील साम्यभेद ध्यानी येत नाहीत. आलिबेर यांची व्याख्याने रुग्णालयाच्या बागेत लिंडन वृक्षांच्या छायेत होत व ती ऐकावयास मोठी गर्दी जमे. वक्तृत्वाची त्यांना हौस होती. पुढे ते अठराव्या लुईचे राजवैद्य झाले, आणि दहाव्या चार्ल्सच्या कारकीर्दीत त्यांना सरदारकीही मिळाली. त्यांच्या भाषाशैलीचा फुलोरा त्यांच्या समकालीनांनाही कधी कधी अति वाटे; परंतु त्यांची नजर तीक्ष्ण होती ह्याविषयी दुमत नाही.

सें-लुई रुग्णालयात पाहिलेल्या त्वचारोगांचे वर्णन करणारा त्यांचा रंगीत चित्रांनी युक्त ग्रंथ १८०६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात ५६ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत आहे. त्याच्या अंगावर प्रथम कोंडा सुटणारे पुरळ उठले. पुढे त्या त्वचेतून गाठी वर आल्या. त्यांचा आकार अळंब्यांसारखा होता. ह्या विकारास आलिबेर यांनी ‘पियाँ फोंगॉइद’ असे म्हटले. ‘पियाँ’ हा शब्द ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेतून फ्रेंचमध्ये आलेला असून, उष्ण कटिबंधातील ‘यॉज’ ह्या संसर्गजन्य रोगाचे ते नाव आहे. यॉजमध्येही त्वचेवर लालसर, खडबडीत गाठी येतात. त्यांच्या रासबेरीसारख्या रूपावरून त्याला ‘फ्रॅम्बीझिया’ असेही नाव पडले होते. म्हणजे फळावरून एका रोगाला नाव आले, आणि त्या रोगाशी असलेल्या साम्यावरून, अळंब्याचे विशेषण जोडून, दुसऱ्याला.

१८३२ मध्ये आलिबेर यांनी हे नाव बदलून ‘मायकोसिस फंगॉइडिस’ असे केले. ‘मायकिस’ हा अळंब्याचा ग्रीक शब्द. ‘फंगस’ हा त्याच वस्तूचा लॅटिन शब्द. नावाचा शब्दशः अर्थ ‘अळंब्यासारखा अळंबीरोग’ असा होतो. ही द्विरुक्ती हास्यास्पद वाटते खरी, परंतु तिचे मूळ आलिबेर यांच्या वर्गीकरणपद्धतीत आहे. त्या काळी लंडनमधील रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांची मांडणी मूळ डागाच्या प्रकारावरून केली होती : पुळी, खवला, फोड, डाग इत्यादी. आलिबेर यांना ही रीत कृत्रिम वाटे. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याप्रमाणे झाडांची नैसर्गिक कुळे लावतात, त्याप्रमाणे रोगांचीही कुळे असली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. १८२९ मध्ये त्यांनी त्वचारोगांचा एक वृक्षच चितारून दाखविला. खोडापासून फांद्या, फांद्यांपासून डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीवर एकेक रोग. अशा पद्धतीत ‘मायकोसिस’ हे प्रजातीचे नाव व ‘फंगॉइडिस’ हे जातीचे, असा तो मामला आहे. यॉजलाही त्यांनी ह्याच प्रजातीत, ‘रासबेरीसारखा मायकोसिस’ म्हणून, जागा दिली होती. झाडांच्या नावांत प्रजाती आणि जाती मिळून अशी द्विरुक्ती झाली तर कोणी हसत नाही.

ह्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, १८३२ मध्ये ‘मायकोसिस’ म्हणजे बुरशीचा संसर्ग असे कोणीच समजत नव्हते. समजणे शक्यही नव्हते. त्या काळच्या शल्यवैद्यकात ‘फंगस’ हा शब्द स्पंजासारख्या मऊ, पसरट, सहज रक्तस्राव होणाऱ्या कोणत्याही वाढीला लावीत. लीड्सचे शल्यवैद्य विल्यम हे यांनी १८०३ मध्ये अशाच एका गाठीस ‘फंगस हेमाटोडिस’, म्हणजे रक्तमय फंगस, असे म्हटले. १८०९ मध्ये जेम्स वॉर्ड्रॉप यांनी त्याच नावाखाली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांना अभिप्रेत होती ती घातक गाठच. तेव्हा ‘फंगॉइडिस’ ह्या विशेषणाचा आलिबेर यांच्या वाचकाला होणारा बोध आजच्या वाचकाला होणाऱ्या बोधाहून निराळाच होता. किंबहुना रोगाच्या खऱ्या स्वरूपाच्या तो बराच जवळ होता.

अर्थ सरकला तो पुढील अवघ्या बारा वर्षांत. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तीनो बासी यांनी रेशमाच्या किड्यांचा एक रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. १८३९ मध्ये शेनलाइन यांना डोक्यावरील खवड्याच्या एका प्रकारात तशीच बुरशी आढळली. १८४१ ते १८४४ ह्या काळात पॅरिसमध्येच डेव्हिड ग्रुबी यांनी केसांच्या व त्वचेच्या अनेक विकारांतील बुरशा एकामागून एक वर्णिल्या. अळंबे आणि बुरशी एकाच वनस्पतिवर्गातली मानली जात असल्यामुळे ग्रीक-लॅटिन शब्द दोहोंना सारखेच लागू होते. हळूहळू ‘मायकोसिस’ ह्या शब्दाने आकार दाखविण्याचे सोडून कारण दाखविण्यास आरंभ केला. आलिबेर १८३७ मध्ये निवर्तले. आपल्या शब्दाचे पुढे काय झाले हे पाहण्यास ते राहिले नाहीत.

ह्या स्थित्यंतराच्या मध्यभागी उभा असलेला पुरुष म्हणजे एर्नेस्त बाझँ (१८०७–१८७८). तेही सें-लुईचेच. बुरशीजन्य खवड्यांचा सखोल अभ्यास करून, रोगट केस उपटून काढण्याचा उपचार त्यांनी त्या रुग्णालयात रूढ केला. ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८५३ चा आहे. बुरशी कशाला म्हणावे हे त्यांच्याइतके पॅरिसमध्ये थोड्यांनाच ठाऊक असेल. आणि त्याच बाझँ यांनी १८७० मध्ये ‘मायकोसिस फंगॉइडिस’ ह्या विकाराच्या तीन अवस्था इतक्या स्पष्टपणे मांडल्या की, त्या आजही थोड्याफार फरकाने ग्राह्य आहेत : प्रथम लालसर, खाज सुटणारे चट्टे, नंतर जाड, उंचवटलेले थर, आणि शेवटी गाठी. त्यांनी नाव बदलले नाही. ते बदलावे असे त्यांना का वाटले नसेल? तज्ज्ञाला नाव वाचण्याची गरज नसते. ते केवळ खूण म्हणून त्याच्या कामी येते. शब्दाच्या घटकांचा अर्थ लावीत बसतो तो अनभिज्ञ मनुष्य.

तथापि तीन अवस्थांच्या ह्या मांडणीचा भाषिक परिणाम मात्र विलक्षण झाला. गाठी येण्यापूर्वीच्या काळास पुढे ‘प्री-मायकोटिक’, म्हणजे अळंबीपूर्व, असे म्हणू लागले. हा काळ कधी काही महिन्यांचा, तर पुष्कळदा दहा-वीस वर्षांचाही असतो. अनेक रुग्णांत तर गाठींची अवस्था कधीच येत नाही व त्यांचे आयुर्मान इतरांसारखेच असते. म्हणजे ज्या लक्षणावरून रोगाला नाव मिळाले ते बहुसंख्य रुग्णांच्या अंगावर दिसतच नाही. आणि जे दिसते, ती खाज व ते चट्टे, त्यांस नावात जागा नाही.

रक्ताच्या बाजूने ह्या रोगाकडे येणारी वाट वेगळी होती. १८४५ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट व बर्लिन येथे रूडोल्फ फिरखो यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींच्या अतिवृद्धीचे रुग्ण प्रसिद्ध केले. बेनेट यांना तो रक्तात पू होण्याचा प्रकार वाटला. फिरखो यांनी कारणाविषयी काहीच न बोलता ‘पांढरे रक्त’ एवढेच म्हटले, आणि १८४७ मध्ये त्याचेच ग्रीक रूप करून ‘ल्युकेमिया’ हा शब्द घडविला. हे नावही रूपावरूनच आहे; परंतु ज्या शब्दांवर ते उभे आहे त्यांचा अर्थ पुढे बदलला नाही, म्हणून ते निभावले. पांढरा रंग पांढराच राहिला.

ह्या दोन वाटा १८६० नंतरच्या दशकात प्रथम एकमेकींना भेटल्या. फ्रेंच ऊतिशास्त्रज्ञ लुई रांव्ये यांनी मायकोसिस फंगॉइडिसच्या गाठीचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांना तेथे लसीकाग्रंथीसारखी जालाकार रचना दिसली. गाठ अळंब्याची नव्हती, बुरशीची नव्हती. त्वचेत जणू लसीकाग्रंथीच वाढत होती. ह्या निष्कर्षाला धरून फ्रेंच वैद्यांनी ‘त्वचेचा लसीकाग्रंथिविकार’ ह्या अर्थाचे नाव सुचविले. १८८५ मध्ये व्हिएन्नाचे हाइनरिख आउस्पिट्स यांनी ‘ग्रॅन्युलोमा फंगॉइडिस’ असा पर्याय पुढे केला. तो जंतुशास्त्राच्या ऐन भराचा काळ होता. काहींना ह्या गाठींत जंतूही दिसले, परंतु तो दावा टिकला नाही. सुचविलेली नावेही टिकली नाहीत. आलिबेर यांचे नाव मात्र टिकले. त्याचे कारण त्याच्या गुणात शोधण्यापेक्षा त्याच्या वयात शोधणे बरे : अर्धशतकाचे रुग्णवृत्तांत, चित्रे आणि मेणाचे साचे त्या नावाखाली लावलेले होते, आणि नाव बदलणे म्हणजे तो सारा संग्रह पुन्हा लावणे.

एक छोटासा विपर्यास येथे नोंदवून ठेवण्याजोगा आहे. जखमेच्या व्रणावर जी टणक, वाढत जाणारी गाठ येते, तिला आलिबेर यांनी आरंभी ‘कांक्रॉइद’, म्हणजे खेकड्यासारखी किंवा कर्करोगासारखी, असे नाव दिले होते. नंतर लोकांना तो कर्करोगच वाटेल ह्या शंकेने त्यांनी ते मागे घेतले आणि खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून ‘केलॉइड’ हा शब्द घडविला. खेकडा सोडवला नाही. त्याची नांगी तेवढी ठेवली. ग्रीक ‘कार्किनोस’ व संस्कृत ‘कर्कट’ हे सगोत्र शब्द आहेत, आणि आपला ‘कर्करोग’ हा त्याच प्रतिमेचा अनुवाद. नावाने होणाऱ्या गैरसमजाविषयी आलिबेर बेफिकीर नव्हते, हे ह्यावरून दिसते. निरुपद्रवी विकाराच्या नावातील कर्करोग त्यांनी काढून टाकला. खऱ्या कर्करोगाला दिलेल्या नावात मात्र अळंबे राहिले.

पुढे रोगाचे स्वरूप उलगडत गेले, ते टप्पे थोडक्यात असे. सर्वांग लाल होऊन सोलवटणारा प्रकार बेनिए व आलोपो यांनी १८९२ मध्ये वर्णिला. १९३८ मध्ये आल्बेर सेझारी व बुव्राँ यांनी अशाच आरक्त त्वचेच्या एका रुग्णाच्या त्वचेत आणि वाहत्या रक्तातही चमत्कारिक मोठ्या पेशी पाहिल्या. त्यांना त्यांनी ‘राक्षसी पेशी’ म्हटले. त्वचेचा म्हणून गणलेला रोग रक्तात प्रत्यक्ष दिसला तो येथे. १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ह्या पेशींचे केंद्रक मेंदूच्या वळ्यांप्रमाणे गुंतागुंतीचे असल्याचे दाखविले व ‘मेंदूसदृश केंद्रक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अळंबे, राक्षस, मेंदू : साधन कितीही सूक्ष्म झाले तरी नाव ठेवणारा डोळा उपमाच शोधीत राहिला. त्वचेच्या वरच्या थरात साठलेल्या ह्या पेशींच्या पुंजक्यांना ‘पोत्रिएची सूक्ष्म गळवे’ म्हणतात. त्यांत पू नसतो, म्हणजे ती गळवे नव्हेत. आणि पोत्रिए यांच्या आधी ती दारिए यांनी पाहिली होती. कारणदर्शक नाव आले ते १९७५ मध्ये, मार्विन लुत्झ्नर, रिचर्ड एडेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या पेशी टी-लसीकापेशी असल्याच्या आधारे ‘त्वचीय टी-पेशी लिंफोमा’ ही संज्ञा वापरली तेव्हा. ती संज्ञा आज कुळाचे नाव म्हणून रूढ आहे. पण २००५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, आणि त्यानंतरच्याही, त्या कुळातील सर्वांत मोठा घटक ‘मायकोसिस फंगॉइडिस’ ह्याच नावाने नोंदलेला आहे.

उपचाराच्या इतिहासात भारताचा एक धागा आहे. १९०२ पासून क्ष-किरण, पुढे मस्टर्ड औषधांचा लेप, असे उपाय होत आले. १९७६ मध्ये सोरालेन हे द्रव्य पोटात देऊन नंतर अतिनील किरण त्वचेवर सोडण्याची रीत ह्या रोगात यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. सोरालेन हे नाव ज्या वनस्पतीवरून पडले, ती आपली बावची. कोडावर बावचीचे बी वापरावयाचे व डाग उन्हात धरावयाचे, हा आयुर्वेदातील प्राचीन उपचार आहे. १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ व वेंकटराव यांनी बावचीच्या बियांतून हे द्रव्य वेगळे केले. प्रत्यक्ष उपचारात वापरले जाणारे त्याचे भावंड-द्रव्य मात्र ईजिप्तमधील दुसऱ्या एका वनस्पतीतून १९४७ मध्ये मिळाले. लिनीअस यांनी बावचीच्या प्रजातीला ‘सोरालिया’ हे नाव दिले, ते तिच्या अंगावरील खरजेसारख्या ठिपक्यांवरून. ‘सोरा’ म्हणजे ग्रीकमध्ये खाज, खरूज.

आता मराठीचा प्रश्न. युरोपीय भाषांत अळंबे व बुरशी ह्यांना शास्त्राने एकाच शब्दाखाली आणले. मराठीत ह्या दोन वस्तू बोलीत पूर्णपणे भिन्न आहेत. पावसाळ्यात रानात उगवते ते अळंबे किंवा भूछत्र, पोरांच्या भाषेत कुत्र्याची छत्री. भाकरीवर, लोणच्यावर, भिंतीवर धरते ती बुरशी. अळंब्याला कोणी बुरशी म्हणत नाही. त्यामुळे आलिबेर यांनी जे पाहिले ते मराठीत ‘अळंबीसारख्या गाठी’ असे सरळ सांगता येते व त्यातून कोणताही गैरसमज होत नाही. परंतु भाषांतरकार जेव्हा मूळ शब्दार्थाकडे न पाहता आजच्या कोशातील ‘फंगस’ उचलतो, तेव्हा ‘बुरशीजन्य’ हे विशेषण येते, आणि १८३२ मध्ये न झालेली चूक मराठीत नव्याने होते.

ही केवळ शब्दांची बारकाई नव्हे. कारण आपल्याकडे ह्या रोगाचे पहिले चट्टे पाहणाऱ्याच्या मनात आधीच काही नावे तयार असतात. गोल, खाज सुटणारा, कडेने लाल चट्टा म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. आणि ते खरोखरच बुरशीचे विकार आहेत. गजकर्ण हेही नाव रूपावरूनच पडले आहे, हत्तीच्या कानावरून. दुकानातून मलम आणले जाते. त्यात स्टिरॉइड असल्यास चट्टा काही दिवस फिकाही होतो, आणि निदान लांबते. त्यात अहवालावर ‘मायकोसिस’ हा शब्द दिसला की घरच्या माणसांचा समज पक्का होतो : बुरशीच ती, मलमाने जाईल.

सावळ्या त्वचेत आणखी एक गोष्ट घडते. ह्या रोगाचा एक प्रकार लाल चट्ट्यांऐवजी फिक्या, पांढुरक्या चट्ट्यांच्या रूपाने प्रकट होतो. तो गौरवर्णीयांपेक्षा सावळ्या लोकांत व तरुण वयात अधिक आढळतो. आलिबेर यांच्या रुग्णालयातील रुग्णांत तो सहसा ध्यानात येण्याजोगा नव्हता. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविल्याप्रमाणे ह्या चट्ट्यांची गल्लत कोडाशी, शिब्यांशी आणि कुष्ठरोगाशी होते. ‘कुष्ठ’ हा शब्दही ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सुश्रुतसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे. म्हणजे तेथे तो त्वचाविकारांच्या एका मोठ्या वर्गाचा वाचक आहे. पुढे त्याचा अर्थ एकाच रोगापुरता आकसला, आणि त्या रोगाला मराठीत ‘महारोग’ असे दुसरे, अधिक भयावह नाव मिळाले. ‘मायकोसिस’चा अर्थ सरकला तसाच ‘कुष्ठ’चाही सरकला, फरक इतकाच की येथे त्याचे ओझे रुग्णाला विवाह, घर, गाव ह्या सर्व ठिकाणी वाहावे लागले. पाठीवर वा मांडीवर पांढुरका चट्टा दिसताच तो दाखविण्यापेक्षा झाकण्याकडे कल होतो, तो ह्यामुळे.

कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा स्पर्श बधिर झालेला असतो. ह्या रोगाच्या चट्ट्यात तो शाबूत असतो. बुरशीच्या चट्ट्याचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तंतू दिसतात. येथे दिसत नाहीत. शेवटचा निर्णय मात्र त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासल्यावरच होतो, आणि आरंभीच्या अवस्थेत तोही पहिल्या खेपेस पुष्कळदा नि:संदिग्ध निघत नाही. काही महिन्यांनी पुन्हा, कधी तिसऱ्यांदाही, तुकडा घ्यावा लागतो. तोवर रुग्णाच्या कागदावर त्वचेचा दाह, इसब असे काहीतरी लिहिलेले असते.